पिवळा उजेड

चिमट्यातली काच नखाएवढी... तिच्यावर झिंक ऑक्साइडच्या सूक्ष्म कांड्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, आणि त्यांवर पॉलिमरचा निळसर थर — हीही फसली तर? मृण्मयीने श्वास रोखून तारा जोडल्या. तिचे मार्गदर्शक सर सकाळीच म्हणाले होते, "हा शेवटचा नमुना. मग विषय बंद करू." किती सहज — जणू नळच बंद करायचा होता.

आणि नेमके आजच बाबा आले होते. पंचवटीहून रिक्षाने, कॉलेजच्या या प्रयोगशाळेत पहिल्यांदाच, चपला दाराबाहेर काढून. घाटावर यजमानांचे विधी उरकता उरकता ते कौतुकाने सांगत, आमची मृणू नवा दिवा करते आहे... काचबिंदूने त्यांची नजर कडांकडून विझत चालली होती. काल जेवताना म्हणाले, "दिसतंय तोवर दाखव की."

तिने वीज हळूहळू वाढवली. काचेवर पिवळसर ठिपका उमटला.

"लागला! लागला गं!" बाबा वाकले. "केवढा मऊ उजेड!"

तिने संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखाकडे पाहिले. जिथे अतिनील किरणांचा उंचवटा यायला हवा होता, तिथे रेघ सपाट. पिवळा उजेड कांड्यांमधल्या दोषांचा होता. तो जितका ठळक, तितकी तिची हार मोठी. सांगावं का? बाबा, हा नव्हे... मला हवा होता तो उजेड कुणालाच दिसत नाही, धडधाकट डोळ्यांनाही नाही. इतकी वर्षं मी हे कसं सांगितलं नाही तुम्हाला? की तुम्ही दिवा म्हणायचात, ते मला आवडायचं —

"हाच ना?"

"हाच, बाबा."

त्यांचे हात आपसूक जोडले गेले. तिला मान वर करवेना. एवढ्यात ठिपका थरथरला आणि गेला. थर जळाला असावा. बाबा तसेच वाकलेले, पापण्यांची उघडझाप करत. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारले,

"मृणू... तो विझला, की मलाच दिसेनासं झालं?"

"विझला, बाबा."

"हां." त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "मग ठीक."

ते स्टुलावर टेकले, उपरण्याने चेहरा पुसू लागले.  मृण्मयी त्यांच्याकडे बघत राहिली. सरांचे सकाळचे वाक्य तिने मुद्दाम मनात उच्चारून पाहिले — विषय बंद करू — पण बाबांच्या त्या प्रश्नापुढे ते आता मनाला लागतच नव्हते. आणि इतक्या वर्षांचे काम संपत असूनही ते लागत नाही, याचीच तिला भीती वाटू लागली...