आम्हाला खेद आहे

"बाई, तुमच्या साहेबांना विचारा, बांधाचं काम कधी सुरू होणार?"

स्वतःच्या वडिलांनी 'बाई' म्हटलेलं दुभाषी मुलीला लागलं. पण शाळेच्या पडवीत अख्खं गाव जमलं होतं, आणि ती आज माहेरपणाला नाही, परदेशी साहेबांचा शब्द पोचवायला आली होती.

मागच्या खेपेला साहेबांनी समुद्र कुठवर शिरलाय ते चालून पाहिलं होतं. विहिरीचं खारट झालेलं पाणी चाखून ते थुंकलेही होते. समुद्र अडवायच्या बांधासाठी त्यांच्या देशाची मदत एकाच गावाला पुरणार होती. दुसरं गाव पलीकडचं, बंदराचं. परतताना गाडीत ते म्हणाले होते की गरज कुठे जास्त आहे, हे तर उघडच आहे. तेवढ्या बोलण्यावर तिने वडिलांना फोन केला, काळजी करू नका म्हणून. वडील होड्या बांधणारे सुतार, त्यांच्या शब्दाला मान. गाव सोडायच्या तयारीत असलेल्या घरांनी बांधलेली बोचकी पुन्हा सोडली.

साहेब उठले. माणूस भला, निरोप धाडून मोकळं होता आलं असतं, तरी स्वतः आले होते. ते हळू आवाजात थोडं थोडं बोलत गेले आणि ती सांगत गेली.

"आम्हाला खेद आहे. बांध बंदराच्या गावाला मिळतोय. तिथे आमची जहाजं लागतात. शिवाय आमच्या लोकांना थोड्या वर्षांत काम उभं राहिलेलं दाखवावं लागतं. इथे समुद्र फार पुढे आलाय. इथे बांधलेलं टिकेल, असं आम्हाला वाटत नाही."

मग वडील म्हणाले, "म्हणजे आमचं दुखणं मोठं, म्हणून औषध शेजाऱ्याला."

तिने ते जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. साहेबांनी मान खाली घातली आणि एकच शब्द उच्चारला.

"हो," ती म्हणाली.

मागून काकूने विचारलं, "हे 'आम्ही' कोण गं? तूही त्यांच्यातच का?"

हा प्रश्न साहेबांसाठी नव्हता. तिने तो त्यांना सांगितला नाही.

"तिचं कामच आहे ते, वहिनी," वडील म्हणाले. "तिला कशाला बोल लावायचा?"

सभा उठली. ती घरी गेली, तर वडील पुढचं दार बिजागऱ्यांतून काढत होते. तिच्या जन्माच्या वर्षी त्यांनी ते स्वतः घडवलं होतं. तिने हात धरायचा प्रयत्न केला, पण ते थांबले नाहीत.

"लाकूड चांगलं आहे अजून," ते म्हणाले. "तुझ्या घराला लाव. इथे खारं पाणी खाऊन टाकेल."

"आणि तुम्ही, बाबा?"

"मला कशाला लागतंय दार?"

ड्रायव्हरने दार साहेबांच्या गाडीच्या टपावर बांधलं. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्यागणिक डोक्यावर काहीतरी खणखणत होतं. बऱ्याच वेळाने साहेबांनी विचारलं, काय वाजतंय?

"कडी," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.