निलेशबाबांच्या वाटीतली काळी पेज

दिनांक १२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. मालवणजवळच्या कट्टा गावी, बाजारामागील मांडवात एकशे चौसष्ट माणसे दाटीवाटीने बसली होती. सत्यवान परबांनी ती मोजली. मोजल्यावाचून मत बनवायचे नाही, ही तंत्रनिकेतनात शिकवताना लागलेली सवय. शेजारी त्यांची मुलगी दीपिका आणि सोळा वर्षांची नात समीक्षा. आठ महिन्यांच्या औषधांनी ही पोर नैराश्यातून सावरली होती. बाबांच्या आज्ञेवरून एकोणीस दिवस गोळ्या बंद होत्या.

"डॉक्टर काय देतो? विष!" निलेशबाबा गरजले. "पाहा पुरावा!"

काचेच्या वाटीतल्या पिवळसर तीर्थात त्यांनी एक गोळी टाकली. ती निळीकाळी पडली. मांडव शहारला.

"बघितलास, आबा?" दीपिका वडिलांच्या कानात कुजबुजली. "बंद केल्यार चेडू कसां ताजां झालां!"

"आणि चार दिस जेवणाक शिवलां नाय, तां?" सत्यवान म्हणाले.

सत्यवानांचे मस्तक तापले होते. तीर्थाला जखमेवर लावायच्या आयोडीनचा वास येत होता. प्रसादाच्या पेजेचा द्रोण उचलून ते थेट पुढे गेले आणि भाताची चार शिते त्यांनी वाटीत सोडली.

शिते काळी पडली.

"बाबांचीच पेज काळी झाली रे!" गर्दीतून आवाज आला.

"मगे माजी ऐंशी वर्सां वीख खावनच गेली म्हणायची!" पुढच्या रांगेतली तुळसाआजी ओरडली आणि मांडव हसला.

"हा नास्तिकाच्या हातचा दोष!" बाबा म्हणाले.

"मग तुमच्या हाताने टाका."

बाबांचा हात हलला नाही.

"आयोडीन पिष्टाला लागले की असा रंग येतो," सत्यवान कडाडले. "पिष्ट भातात असते, गोळी बांधायलाही वापरतात. गोळी सुटल्यावर आधी तिची गुंगी उतरते, म्हणून पोर ताजी दिसते. आजार मागाहून परततो. औषधाचे श्रेय चोरून हा माणूस मुलांच्या जिवाशी खेळतो आहे!"

मांडवाबाहेर येताच त्यांचा राग नातीवर वळला. "तू कित्याक ऐकलंस गो त्याचां?"

"गोळयेन वर्गात झोप येय. पोरां हसत. डॉक्टरांक सांगूचां होतां, पण थंय आईच बोलता. घराकडे म्हणता, कोणाक कळलां तर लगीन जमाचां नाय. बाबांनी बंद कर म्हटल्यार माका सुटल्यासारख्यां वाटलां. आबा, माका कोणी इचारलांच नाय."

आठ महिन्यांत सत्यवानांनीही विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मालवणच्या डॉक्टरांपुढे समीक्षा एकटी बसली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या; सकाळची गोळी झोपतेवेळी घ्यायची, इतकाच बदल करावा लागला.

भोंदूला उघडे पाडणे सोपे आहे; खरे काम त्यानंतरचे. गोळीचा त्रास होत असेल तर तो डॉक्टरांना सांगावा, परस्पर बंद करू नये. आणि तपासणीच्या खोलीत मुलाला स्वतःच्या तोंडाने बोलू द्यावे. याला कोणतेही तीर्थ लागत नाही.

बाबांच्या सांगण्यावरून गोळ्या सोडलेली मुले सत्यवानांनी घरोघर फिरून शोधली: अकरा. त्यांपैकी मार्चअखेर उपचारांकडे परतलेली: चार.