रविवारची गोळी

"अहो, हे रक्त कसलं?"

बेसिनपाशी उभ्या असलेल्या नंबरकाकांनी घाईघाईने नळ सोडला. गुलाबी पाणी गोल फिरून जाळीतून खाली गेलं.

"हिरडी दुखावली असेल. ब्रश नवा आहे ना."

"महिना झाला त्या ब्रशला," बायको म्हणाली. "काल दुधाचा घोट घेतानासुद्धा डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. मी काय आंधळी आहे?"

"उष्णता झालीय, बाकी काही नाही," असं म्हणून काकांनी विषय मिटवला आणि ते कामावर निघाले.

चष्म्याच्या दुकानात त्यांना एकतीस वर्षं झाली होती. गिऱ्हाईक डोळे बारीक करून भिंतीवरचं घड्याळ कसं बघतं, एवढ्यावरून ते त्याचा नंबर सांगत आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघे. म्हणून ते नंबरकाका. पण त्यांची खरी करामत चष्मा बसवण्यात होती. काडी कानामागे कुठे वाकवायची, नाकावरची गादी किती दाबायची, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

चार वर्षांपूर्वी त्याच बोटांवर चट्टे उठले. आधी कोपरांवर, मग हातांच्या पाठीवर, मग पेरांवर. लाल चट्टे आणि त्यांवर पांढरे पापुद्रे. डॉक्टरांनी सोरायसिस सांगितला. तो लागण होणारा रोग नव्हे, पण हे गिऱ्हाइकाला कोण पटवणार? काकांचा हात चेहऱ्याजवळ आला की माणसं मान मागे घेत. वाईट कोणीच बोलत नसे. एका बाईंनी तर हसतमुखाने "उद्या येते" म्हणून फ्रेम ठेवली आणि त्या परत आल्याच नाहीत. धाकटे मालक काकांच्या डोळ्यांदेखत लहानाचे मोठे झालेले. त्यांना सांगणं जड गेलं, पण सांगितलंच.

"काका, तुम्ही आत काचा घासायला बसा. तुम्हालाही निवांत."

त्या निवांतपणाचा काकांना आठवड्यातच वीट आला.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरबाईंनी गोळ्या सुरू केल्या. "या फक्त रविवारी. रोज नाही, चुकूनही नाही. बाकीच्या दिवशी ही छोटी पिवळी, या औषधाचा त्रास कमी करायला. आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. हे औषध चामडी शांत करतं, पण शरीरात रक्त तयार होतं तिथेही ते हात घालू शकतं. तोंड आलं, ताप आला, अंगावर निळे डाग उठले, तर गोळी थांबवायची आणि तडक माझ्याकडे यायचं."

काकांनी सगळं नीट पाळलं. चार महिन्यांत हात स्वच्छ झाले. मालकांनी स्वतःच त्यांना पुढच्या काउंटरवर बोलावलं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सात वर्षांची एक मुलगी. तिने डोळे मिटून चेहरा वर केला आणि काकांनी काड्या हलकेच तिच्या कानांमागे बसवल्या.

सहाव्या महिन्यात रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी थोड्या कमी दिसल्या. डॉक्टरबाईंनी एक गोळी कमी केली आणि पंधरा दिवसांत कोपरावर चट्टा डोकावला. काकांनी धसकाच घेतला. पुढच्या महिन्यापासून ते रक्त द्यायला गेलेच नाहीत. कमी केलेली गोळीही त्यांनी परस्पर पुन्हा सुरू केली. पिवळी गोळी नुसती ताकदीची असेल, नाही घेतली तरी चालेल, अशा समजुतीने ती मागे पडली. दिवसभर उभं राहून गुडघे धरले, तर औषधाच्या दुकानातून दुखण्यावरच्या गोळ्या आणून घेऊ लागले. बायकोने विचारलं की ठरलेलं उत्तर असे, "रिपोर्ट चांगला आला."

त्या दिवशी दुपारी एका तरुणाचा चष्मा पुसताना काचेवर लाल थेंब पडला. काकांनी तो पुसला, तर दुसरा पडला. नाकातून रक्त येत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं. मालकांनी त्यांना खुर्चीत बसवून बाही वर केली, तर दंडावर जांभळे डाग.

"काका, कुठे पडलात?"

"कुठेच नाही," काका म्हणाले. अंगात ताप होता.

संध्याकाळी इस्पितळात डॉक्टरबाई रिपोर्ट घेऊन आल्या. "पांढऱ्या पेशी नऊशे. चार हजारांच्या वर हव्यात. रक्त थांबवणाऱ्या पेशीही तळाला गेल्यात. शेवटचं रक्त कधी तपासलंत?"

"मागच्याच महिन्यात की," बायको म्हणाली. "चांगला आला होता ना हो रिपोर्ट?"

काकांनी छताकडे पाहिलं. "तीन महिने झाले." मग वाढवलेल्या गोळीचं आणि गुडघ्यांच्या औषधाचंही त्यांनी सांगून टाकलं.

बायकोने मांडीवरची पिशवी उचलून जमिनीवर ठेवली.

"तपासलं असतं तर तुम्ही गोळी बंद केली असती," काका डॉक्टरबाईंना म्हणाले.

"केलीच असती. आणि त्या गुडघ्याच्या गोळ्यांनी हे औषध अंगात आणखी साठवून ठेवलं. आणखी एक दिवस उशिरा आला असतात, तर मला काही करता आलं असतं की नाही, सांगता येत नाही."

अकरा दिवस त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलं. रक्तातल्या पेशी चढवल्या, इंजेक्शनं दिली. साधी सर्दीसुद्धा महागात पडली असती, म्हणून जो येई तो तोंड झाकून, हातमोजे घालून. बायको दाराजवळच्या स्टुलावर बसे. चार दिवस ती फक्त औषधांच्या वेळांपुरतं बोलली. पाचव्या दिवशी म्हणाली, "हातांसाठी जीव द्यायला निघाला होतात?"

"हातांसाठी नाही गं. लोक मान मागे घ्यायचे. तू ते पाहिलं नाहीस."

"मी कधी घेतली?"

काकांनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले.

आठव्या दिवशी पेशी वाढू लागल्या. ती गोळी मात्र जन्माची बंद झाली. मलमं आणि चट्ट्यांवर यंत्रातून सोडायचा प्रकाश, एवढेच उपचार उरले. दोन महिन्यांत चट्टे पेरांपर्यंत परतले.

काका कामावर रुजू झाले तेव्हा मालक चाचरत म्हणाले, "काका, आतली जागा रिकामीच आहे."

"मी पुढे बसतो. गिऱ्हाईक तुटायला लागलं तर सांगा, मी आपण होऊन आत जाईन."

त्याच आठवड्यात एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आल्या. तयार झालेला चष्मा काकांनी ट्रेमध्ये पुढे ठेवला.

"बाई, माझ्या हाताला सोरायसिस आहे. तो कोणाला लागत नाही. तरी नको वाटत असेल तर तसं सांगा, मला राग नाही."

बाई ओशाळल्या. "तसं नाही हो... पण बाबांची तब्येत फार नाजूक असते."

"मग तुम्हीच बसवा. मी सांगतो तसं करा."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "आधी नाकावर टेकवा. आता काड्या कानांवरून मागे. कानामागे बोटाने चाचपा, रुततंय का? काढा. टोकापाशी जरा वाकवा. घाबरू नका, तुटत नाही."

बाईंनी चष्मा तीनदा काढला, तीनदा घातला. चौथ्यांदा म्हाताऱ्याने मान खाली घालून वर केली, तरी चष्मा जागचा हलला नाही.

"झालं की," बाई हसून म्हणाल्या.

काका काउंटरवरून थोडे पुढे वाकले. हात तसेच मागे.

"डावीकडे अजून केसभर," ते म्हणाले.