मेनाआजीची गाय

या, जरा जवळ सरकून बसा. आपल्याच खोऱ्यातल्या इस्पितळातली गोष्ट सांगतो. मत्सराची आहे, म्हणजे तुमची-माझीही आहेच.

आपल्याकडे सरकारी नोकऱ्या भाषेच्या वाट्याने मिळतात: जर्मनवाल्यांना इतक्या, इटालियनवाल्यांना तितक्या, डोंगरातली जुनी लादिन भाषा बोलणाऱ्या मूठभरांना एखादी. इटालियन बोलणारी लोरेदाना बारा वर्षं हंगामी नर्स होती. अखेर कायमची जागा निघाली, ती लादिनांच्या वाट्याची. तिथं कालपरवा आलेली, लादिन बोलणारी ओतिलिया लागली. तेव्हापासून लोरेदानाला तिचं हसणंही खुपायचं.

"आमच्या राणीसाहेब! चार डोंगरांची भाषा येते ना त्यांना," ती जेवताना म्हणे.

एके दिवशी पोस्टमनला मेनाआजी रस्त्यात पडलेली सापडली. वर डोंगरात एकटीच राहायची. तिला लोरेदानाच्या वॉर्डात आणलं. मेंदूच्या झटक्याने तिच्या बाकी भाषा पुसल्या गेल्या, उरली फक्त लादिन. ती दोन दिवस लोरेदानाचा हात धरून काहीतरी विनवत होती. ओतिलिया खालच्याच मजल्यावर होती. लोरेदानाने तिला बोलावलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोठ्या सिस्टर वाल्ट्राउडनी विचारलं, "ओतिलियाला का नाही सांगितलंस?"

"म्हातारी भ्रमात बडबडतेय, सिस्टर."

"भ्रमात की लादिनमध्ये? अगं, ती जागा ओतिलियासाठी राखलेली नाही. या म्हातारीसाठी राखलीय."

लोरेदाना स्वतःच जिना उतरून ओतिलियाला घेऊन आली. आजीच्या तोंडाशी कान नेऊन ओतिलियाने ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"हिची गाय गोठ्यात बांधलेली आहे. तीन दिवस ना चारापाणी, ना धार."

दोघी लोरेदानाच्या गाडीने वर गेल्या. गाय उभी होती, पण कास दगडासारखी झालेली. ओतिलिया धार काढायला बसली, पहिल्या धारा रक्ताळलेल्या आल्या. लोरेदाना बादल्यांवर बादल्या पाणी आणत राहिली. शेवटी म्हणाली, "ती काहीतरी मागतेय हे मला कळत होतं. तुझं कौतुक होईल म्हणून गप्प बसले."

ओतिलियाने मान वळवली नाही. "बारा वर्षं राबलीस, तुझा राग खोटा नाही. पण निघाला कुणावर, बघ. आता शेपटी धर हिची, मला झोडपतेय."

मंडळी, अन्याय वाटला तर उघड भांडा, अर्ज करा. पण दुसऱ्याला मिळालं म्हणून तिसऱ्या मुक्या जिवाला उपाशी ठेवू नका. मत्सर नेमकं तेच करायला लावतो, आणि कोण भरडलं जातंय याचा आपल्याला पत्ताही लागत नाही.

गाईची धार काढली हे ऐकल्यावर आजी झोपली. आठवड्याने गेली. संध्याकाळी देवापुढे हात जोडाल, तेव्हा तिची आठवण ठेवा.