दुसरी सही राहिलेली चिठ्ठी

मित्रांनो, मी शब्दाचा पुरावा टिपून ठेवलेली एक जुनी चिठ्ठी आहे. कालव्याकाठच्या शब्दकोश-कचेरीत, १९५३ च्या जानेवारीत, तिथल्या संपादक हेस्टरबाईंच्या पेन्सिलीने माझा जन्म झाला.

माझ्या माथ्यावर 'दस' हा शब्द आहे. आमच्या डच भाषेत दस म्हणजे बिळात राहणारा केसाळ प्राणी, बॅजर, आणि गळ्यातला मफलरही. मुख्य संपादक होर्स्टसाहेब म्हणत, पूर्वी लोक बॅजरचे कातडे गळ्यात घालत, म्हणून दोन्हींचे मूळ एकच. बाईंना ते मुळीच पटत नसे. अकरा वर्षे त्या पुरावा शोधत होत्या. शेवटी झीलंड प्रांतातल्या एका बेटावरच्या पीटरनेला आजींनी आपल्या पणजीचे पत्र पाठवले. त्यात लिहिले होते, 'जवसाच्या धाग्यांचे तीन दस वळून ठेवलेत, एक गळ्याला बांध.' म्हणजे हा दस धाग्यांचा पीळ होता, बॅजरशी त्याचे नातेच नव्हते! ते वाक्य माझ्यावर उतरले आणि मी हरखून गेले.

पण मूळ कागद मुख्य संपादकांनी स्वतः पाहून दुसरी सही केली, तरच चिठ्ठी खरी, असा कचेरीचा नियम. साहेब तापाने घरी होते. तेवढ्यात आजींचे कार्ड आले, 'अगं पोरी, एक तारखेला माझा वाढदिवस. पत्र परत धाड, नाहीतर पणजी रुसेल!'

"सही होऊ दे की," शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका यांत्ये म्हणाली. "चार दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे?"

"विश्वासाने दिलंय गं त्यांनी. शब्द कसा मोडू?" बाईंनी पत्र टपालात टाकले.

एक फेब्रुवारीच्या पहाटे समुद्राने झीलंडचे बांध फोडले. आजी गेल्या, घर गेले, पत्रही गेले.

"तुमच्यावर विश्वास आहे हो, बाई," होर्स्टसाहेब खाली बघत म्हणाले. "पण तुमच्यासाठी नियम वाकवला, तर उद्या कुणाला नाही म्हणू?"

कोश छापून आला. त्यात दोन्ही 'दस'चे मूळ एकच, बॅजर, असे होते. बाई दरवर्षी झीलंडला जाऊन तसे दुसरे पत्र शोधत. ते कधीच सापडले नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला हातात घेतले. "माझं जाऊ दे," त्या पुटपुटल्या. "पाठवायची घाई केली नसती, तर निदान आजींची पणजी तरी वाचली असती."

मित्रांनो, उसने आणलेले जरूर परत करा. पण जे एकुलते एक आहे, त्याला आधी दुसरा साक्षीदार मिळू द्या. मी आता 'पुरावा नाही' लिहिलेल्या खोक्यात तळाशी आहे. बाईही राहिल्या नाहीत. मला कुणी बाहेर काढील, अशी आशा मी सोडली आहे. सहीची जागा अजून कोरीच आहे.