मिस्त्रींच्या पेटीतला गेमिंग लॅपटॉप

मी गेमिंग लॅपटॉप बोलतोय. आवाज थोडा चढा वाटला तर रागावू नका, माझा पंखाच तसा आहे. वजन अडीच किलो. चार्जर वेगळा, आणि तोही विटेएवढा. अंगावर लाल-निळे दिवे. माझ्या खोक्यावर तलवार उपसलेल्या योद्ध्याचं चित्र होतं. आता खरं सांगतो, हसू नका. चार वर्षं झाली, माझ्यावर अजून एकही गेम कुणी खेळलेला नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. एक लांबच लांब टेबल, हातमोजे घातलेले हात. कुणीतरी माझ्या पाठीत अकरा स्क्रू पिळले, कुणीतरी कपाळावर स्टिकर चिकटवला आणि मी खोक्यात गेलो. डोळे उघडले ते थेट दुकानातल्या फळीवर.

शेजारी एक छोटा लॅपटॉप बसलेला होता. सडपातळ, चकचकीत, जेमतेम एक किलोचा. त्याची बॅटरी सकाळी भरली की संध्याकाळपर्यंत पुरायची. माझी दुपारच्या जेवणाआधीच मान टाकायची. किंमत मात्र त्याची माझ्या दीडपट. अवघड चित्रं गरागरा फिरवायचा जोर त्याच्यापेक्षा माझ्यात जास्त, पण जोर काय, बाहेरून दिसत नाही. तो दिसायला उजवा आणि मी कामाला, अशी मी आपली स्वतःची समजूत घालायचो.

गिऱ्हाइकांची तऱ्हा ठरलेली होती. आधी त्याला दोन बोटांनी उचलायचं, हसायचं, किंमत विचारायची, झोपलेल्या तान्ह्या बाळासारखं अलगद खाली ठेवायचं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणायचं, "आणि हा?" ते 'आणि' मी आठ महिने गिळलं.

मग एके दिवशी सुतार आणि त्यांची मुलगी आले. सुतारांना सगळे मिस्त्रीच म्हणत. पन्नाशी उलटलेले, कानामागे पेन्सिल, ती दुकानात येतानाही काढायची राहिलेली. मुलगी फर्निचरची चित्रं काढायचं शिकलेली. दोन वर्षं एका मोठ्या ऑफिसात तेच काम करून, महिन्याभरापूर्वी ते सोडून ती वडिलांच्या कारखान्यात आली होती.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली, तीन कामगार आणि गुडघाभर भुसा. तयार फर्निचरच्या दुकानांनी मिस्त्रींचं निम्मं काम पळवलं होतं. मुलीचं म्हणणं होतं की आपण लोकांच्या घरी जाऊ, मापं घेऊ, त्यांचं कपाट त्यांच्याच खोलीत कसं दिसेल ते पडद्यावर दाखवू, मग बघा कामं कशी येत नाहीत ते. मिस्त्रींचं म्हणणं होतं की शिकलीसवरलेली मुलगी आहेस, परत ऑफिसात जा, इथं भुशाशिवाय काय ठेवलंय. तिच्या साहेबांनीही महिनाअखेरपर्यंत तिची जागा राखून ठेवली होती. शेवटी बापलेकीत ठरलं ते असं. गावात नवीन वाचनालय होत होतं, त्याची कपाटं आणि टेबलं कुणाला करायला द्यायची हे ठरायचं होतं. ते काम मिळालं तर मुलगी राहणार. नाही मिळालं तर एक तारखेला परत ऑफिसात.

तीन आठवडे अभ्यास करून तिनं छोटा पक्का केला होता. लोकांच्या घरी जायचं, जिने चढायचे, त्यांच्या टेबलावर चित्र उघडून दाखवायचं, तर माझ्यासारखं ओझं कोण बाळगणार. तिचं बरोबरच होतं, मीसुद्धा तेच सांगितलं असतं. विक्रेत्यानं दोन्ही पडद्यांवर एकाच कपाटाचं चित्र उघडून दिलं. छोट्याकडे बोट करून ती म्हणाली, "बाबा, यावरची मापं वाचा बघू."

मिस्त्रींनी मान पुढे नेली. मग मागे घेतली. मग डोळे बारीक केले. मग म्हणाले, इथं दिव्याचा फार उजेड पडतोय. मग ते सहज माझ्याकडे वळले आणि माझ्या मोठ्या पडद्यावरची मापं त्यांनी घडाघडा वाचून दाखवली.

मी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तिला काहीतरी कळलं आणि ते तिनं लगेच लपवून टाकलं. "हाच घेऊ," ती म्हणाली. "गेमही खेळता येतील."

मिस्त्री वैतागले. सव्विसाव्या वर्षी गेम खेळणार म्हणे. घरी जाईपर्यंत ते तेच बोलत होते. माझी पिशवी त्यांच्याच खांद्यावर होती, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

कारखान्यात माझं बरं चाललं होतं. मुलीनं वाचनालयाची अख्खी खोली माझ्यात उभी केली. खिडक्या, कपाटं, लहान मुलांसाठी बुटकी टेबलं, कोपऱ्यातलं बाकडं. माझा पंखा घोंघावायचा, पण कामाचा घाम चांगला. फक्त भुसा नाकातोंडात जायचा. मिस्त्रींनी ते पाहिलं आणि वाचनालयाचं काम कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या ग्रंथपाल बाई चित्रं बघायला यायच्या आदल्या दिवशी, मुलगी मापं घ्यायला बाहेर गेली असताना, त्यांनी माझ्यासाठी सागाची पेटी करायला घेतली.

त्यांनी टेप वापरला नाही. मला फळीवर ठेवलं, भोवतीनं पेन्सिल फिरवली आणि बाकी सगळं बोटांनी चाचपून केलं. रंधा मारायचा, मला आत बसवून बघायचं, बाहेर काढायचं, पुन्हा रंधा. चाळीस वर्षं त्यांचा एकच अभिमान होता, सांध्यात कागद सरकता कामा नये. माझ्या पेटीतही सरकत नव्हता. खालून फळी, तिन्ही बाजूंनी फळी, चार्जरच्या वायरीपुरती एक खाच, वरून उघडझाप करायला मोकळं. मी पडू नये म्हणून पुढून एक पट्टी स्क्रूनं घट्ट बसवली. वर पॉलिश. असा मान मला कुणी दिला नव्हता. पण माझ्या नाकपुड्या आहेत खाली, बाजूंना आणि मागे. त्या सगळ्या मिस्त्रींनी मायेनं बंद करून टाकल्या.

सकाळी मुलगी आली. तिनं पेटी पाहिली, मागे वाकून पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. मिस्त्री हात पुसत उभे होते.

"कशी झालीय?" त्यांनी विचारलं.

"छान झालीय, बाबा," ती म्हणाली. तेवढ्यात ग्रंथपाल बाई दारात उभ्या राहिल्या.

बाई मितभाषी होत्या. स्टुलावरचा भुसा रुमालानं झटकून बसल्या आणि दाखवा म्हणाल्या. मुलीनं माझ्या पडद्यावर वाचनालयाची खोली उघडली. दार, मग खिडकी, मग कपाटांची रांग. पाच मिनिटांत मला उकडायला लागलं. दहा मिनिटांत पंखा किंचाळायला लागला आणि बाईंनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. मी खूप तग धरला, देवाशपथ. पण लहान मुलांची टेबलं आली आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पडदा काळा झाला.

मुलगी म्हणाली, माझंच चुकलं, चार्ज करायचा राहिला. चार्जर तर समोर भिंतीत खोचलेला होता, त्याचा हिरवा दिवाही लागलेला होता. मिस्त्री पुढे आले आणि त्यांनी पेटीवर तळवा ठेवला. लाकूड चांगलंच तापलं होतं. लाकडाचं त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

त्यांनी पट्टीचे स्क्रू काढून मला बाहेर घेतलं आणि बाईंकडे दहा मिनिटं मागितली. मुलगी म्हणाली की याला असाच बाहेर ठेवू, पेटीचं नंतर बघू. मिस्त्रींनी ऐकलं नाही, भोकं पाडायचं गिरमिट आणायला सांगितलं. तसंही गार व्हायला मला तेवढा वेळ लागणारच होता.

"असं होणार, तुला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं केली होती. म्हटलं, अर्धा तास तर निघेल."

मिस्त्री पेटी उलटी करत म्हणाले, "असं नसतं, पोरी. फळी वाकडी असली तर वाकडी म्हणायचं. बापानं कापलेली असली तरी. अजून काही ठेवलंयस का पोटात? असेल तर आत्ताच सांग."

त्यांनी ते सहज विचारलं होतं, बोलण्याच्या ओघात. मुलीनं बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"मला गेम खेळायचे नव्हते, बाबा," ती म्हणाली. "छोट्यावरचे आकडे तुम्हाला दिसत नव्हते."

कामगारांचे हात थांबले. ज्या सुताराला माप दिसत नाही त्याच्या हातात वाचनालय कोण देईल, आणि वाचनालय द्यायचं की नाही ते ठरवणारी बाई तर चार हातांवर बसलेली. मिस्त्रींना हसण्यावारी नेता आलं असतं. उजेडाला दोष देता आला असता. माझा पंखा बंद होता ते बरंच झालं, कारण मला त्यांचं उत्तर ऐकायचं होतं.

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "टेपवरच्या बारीक रेघाही दिसत नाहीत. अंदाजानं चाललंय." मग त्यांनी पेन्सिल तिच्यापुढे धरली. "भोकांच्या खुणा तू कर. आणि त्या ऑफिसला कळव, जागा दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं. बाईंनी काम दिलं तरी, आणि नाही दिलं तरी."

मुलीनं पेन्सिल घेतली. पहिली खूण वाकडी आली. ती मिस्त्रींना दिसली नाही, पण तिनंच सांगितली, खोडली आणि पुन्हा केली. त्या खुणांवर मिस्त्रींनी गिरमिट फिरवलं. जन्मभर सांध्यात फट राहू न देणाऱ्या माणसानं स्वतःच्या सागाच्या पेटीला एका रांगेत चोवीस भोकं पाडली. मला आत बसवून सुरू केलं आणि माझ्या अंगावरून गार हवा गेली. तेवढं सुख मला त्याआधी आणि त्यानंतर कधी मिळालं नाही.

बाईंनी उरलेली खोली शांतपणे पाहिली. बुटक्या टेबलांचे कोपरे गोल करायला सांगितले. उठताना म्हणाल्या, "काम तुम्हालाच देते. पण आधी डोळे तपासून या, मगच करवत हातात घ्या."

मिस्त्रींना चष्मा लागला. पहिल्याच दिवशी त्यांना स्वतःच्या जुन्या कामातल्या साऱ्या चुका दिसल्या आणि आठवडाभर ते घरातल्या प्रत्येक कपाटावर चिडत होते. वाचनालय झालं, त्यामागून आणखी कामं आली. गेल्या वर्षी ते स्वतः मुलीला दुकानात घेऊन गेले आणि तिच्या मनातला छोटा लॅपटॉप त्यांनी तिला घेऊन दिला. आता ती त्याच्यासोबत घरोघरी हिंडते. मला वाईट वाटलं का? एक दिवस वाटलं. मग तिनं पाठवलेली चित्रं माझ्यावर उघडायला मिस्त्री स्वतः बसू लागले. एका बोटानं, दर अक्षराला जीभ बाहेर काढून. तो तमाशा सोडून मी कुठं जाणार.

आता माझी बॅटरी पार गेली आहे, भिंतीला बांधूनच असतो. दोन बटणं निखळलीत, लाल दिवे कधीच विझले, निळे अधूनमधून लागतात. माझं फार राहिलेलं नाही. म्हणून जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो. दोन लॅपटॉपांपुढे उभे राहाल तेव्हा वजन बघा, बॅटरी बघा, परवडतंय का बघा, आणि तुमच्या कामाला जो सोयीचा तोच घ्या. पण बरोबर आलेलं आपलं माणूस वाचताना अडखळलं, तर लॅपटॉपचं नंतर ठरवा. आधी त्याच्याशी बोला. एक वाक्य बोलायचं टाळलं म्हणून त्या मुलीनं अडीच किलोचं ओझं विकत घेतलं होतं. ती त्याच दिवशी दुकानात बोलली असती, तर मिस्त्रींना चष्मा तेव्हाच लागला असता आणि मी या घरात कधीच आलो नसतो. ते मला ठाऊक आहे. तरीही सांगतो, बोला.