सूचक : चांगुणा सहादू पगारे

ग्रामपंचायतीत ठराव कसा होतो हे ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांना वाटतं की कोणी उठून मुद्दा मांडत असेल, दुसरा त्याला पाठिंबा देत असेल, थोडी वादावादी होत असेल. तसं काही नसतं. चहा येतो. ग्रामसेवक आधीच सगळं लिहून आणतो. शेवटी दोन जागा रिकाम्या ठेवलेल्या असतात, सूचक आणि अनुमोदक. एक ठराव मांडणारा, दुसरा त्याला दुजोरा देणारा. त्या जागी सदस्यांची नावं पाळीपाळीने भरायची, आणि ज्याचं नाव येईल त्याने सही करायची. आपण या महिन्यात नेमकं काय सुचवलं, हे सूचकाला विचारू नये. त्याला सांगता यायचं नाही, आणि उगाच माणसाची पंचाईत होते.

चांगुणाबाई अशा पाळीने चार वर्षांत बऱ्याच गोष्टींच्या सूचक झाल्या होत्या. गटार, दिवाबत्ती, अंगणवाडीचा पत्रा. राखीव जागेवर निवडून आलेल्या सदस्य. अर्ज भरायच्या वेळी त्यांना सही येत नव्हती. ती त्यांच्या नवऱ्याने, सहादूने शिकवली. कांद्याच्या रिकाम्या पोत्यावर, व्यापाऱ्याची खूण काढायच्या काळ्या शाईने, मोठी मोठी अक्षरं काढून त्याने त्यांच्याकडून पन्नासदा गिरवून घेतली होती. ते पोतं नंतर कांदे भरून गाडीवर चढलं आणि कुठे गेलं कोण जाणे.

फाट्यावर सहादूची पत्र्याची शेड होती. पिंपळगावाकडून लासलगावला जाणारे ट्रॅक्टर तिच्यासमोरून जातात. फाटकं बारदान, म्हणजे कांद्याची रिकामी पोती, गोळा करायचं, झटकायचं, ठिगळ लावून दाभणाने शिवायचं आणि व्यापाऱ्यांना परत द्यायचं, हा धंदा. सव्वीस वर्षं केला. गेल्या डिसेंबरात एका दुपारी शिवता शिवताच छातीला हात लावला आणि तिथेच पोत्यांच्या थप्पीवर कलंडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

चांगुणाबाई रडल्या नाहीत. बायका म्हणाल्या, बाई घट्ट आहे. घट्ट कसली, बाईला काही होतच नव्हतं. चहा पाण्यासारखा लागायचा. कोणी बोललं की ते शब्द जरा उशिरा पोचायचे. दहाव्या दिवशी त्या उठल्या, शेडीत जाऊन सहादूच्या जागेवर बसल्या आणि दाभण हातात घेतलं. हात चालायचा, बाकी काही चालत नव्हतं. आठ महिने असेच गेले. शेजारची लताबाई न मागता चहा आणून ठेवायची. पलीकडची सगुणाबाई, स्वतः सत्तरीची, संध्याकाळी उरलेली मेथीची जुडी त्यांच्या पिशवीत सारायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नोटीस लागली. फाट्यावरची सात अतिक्रमणं काढायची, आणि त्या जागेवर गाळे बांधायचे. गाळ्यांचा जाहीर लिलाव. योजनेचं नाव होतं ‘ग्रामीण लघुव्यावसायिकांना चालना’. फाट्यावर लघुव्यावसायिक म्हणावेत असे सात जण होते, आणि चालना देण्यासाठी प्रथम त्या सातांनाच तिथून उठवायचं होतं. सरकारी कागद लिहिणाऱ्याला हसू येत नसावं. आलं असतं तर असे कागद निघालेच नसते.

पंक्चरवाला गोरक्ष ठरावाची नक्कल हातात घेऊन शेडीच्या तोंडाशी उभा राहिला.

“काकू, हे काय केलं तुम्ही?”

“काय केलं?”

“ठराव तुमचा हाय. हे बघा. सूचक, चांगुणा सहादू पगारे. खाली सही.”

चांगुणाबाईंनी कागद घेतला. सही त्यांचीच होती. ‘च’ची शेपटी खाली ओढलेली, पोत्यावर शिकवली तशी. वर तारीख होती. सहादू गेल्यानंतरचा सहावा दिवस.

“मी नाय मांडला,” त्या म्हणाल्या.

“मंग कोणी मांडला? आमच्या पोटावर पाय देताना तुमाला काहीच वाटलं नाय? तुमची बी शेड त्यात हाय!”

वाटायला हवं होतं. त्यांनी वाटण्याची वाट पाहिली. काही आलं नाही.

तो दिवस त्यांना तुकड्यातुकड्यांत आठवत होता. सरपंच सुनील, भाऊसाहेब (म्हणजे ग्रामसेवक, त्याच्या पदाचं नाव सरकारने बदललं तरी गाव त्याला भाऊसाहेबच म्हणतं) आणि सदस्य, सगळे घरी भेटायला आले होते. महिना संपत आला होता आणि मासिक सभा राहिली होती. सगळे आहेतच, तर इथेच उरकून घेऊ, असं कोणीतरी म्हणालं. सतरंजी अंगणात लिंबाखाली टाकली. दुखवट्याला आलेल्या माणसांनी दुखवट्याच्या घरी सभा उरकली, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. चांगुणाबाई आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली सहादूचा फोटो नव्याने ठेवलेला. कपांचा आवाज. मग मांडीवर रजिस्टर. बस्स, एवढंच.

मुलगी सृष्टी नाशकात, इंदिरानगरला असते. वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते. तिने फोनवर सगळं ऐकलं आणि तासाभराने साहेबांना विचारून परत फोन केला.

“आई, नीट ऐक. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला पंचायत समितीचे विस्तार अधिकारी येणार आहेत ना? त्यांच्यासमोर उभी राहा आणि सांग, मला काहीही वाचून दाखवलं नव्हतं. दुःखात होते, सही घेऊन गेले. फसवून घेतलेल्या सहीवर ठराव टिकत नाही. स्थगिती मिळेल. शेड वाचेल.”

“बरं.”

“आई, हे खरंच आहे ना? नव्हतं ना वाचलं?”

“नाय आठवत कोणी वाचलेलं.”

“मग झालं तर.”

ही बातमी फाट्यावर पसरली आणि वारं फिरलं. गोरक्ष येऊन म्हणाला, काकू, मी बोललो ते मनावर घेऊ नका. लताबाईने चहात आलं जास्त टाकलं. सातही संसार आता चांगुणाबाईंच्या एका वाक्यावर टेकले होते, आणि वाक्य सोपं होतं.

चौदा तारखेला दुपारी बारकू आला. बारकू ग्रामपंचायतीचा शिपाई. पाणी सोडणारा, दवंडी देणारा, आणि आवाज मोठा म्हणून सभेत इतिवृत्त वाचून दाखवणारा. तो बसला नाही. टोपी काढून उभा राहिला.

“वहिनी, भाऊसाहेब म्हनले, उद्या विषय निघला तर सगळं तुझ्यावर. वाचून दाखवायचं काम शिपायाचं.”

“मंग?”

“मंग काय नाय. तुमी म्हना, वाचलं नव्हतं. सात घरं हायेत. माझी दोनच वर्षं ऱ्हायली नोकरीची, काढलं तर काढलं. मी काय बोलणार नाय.”

चांगुणाबाईंचं दाभण पोत्यात अर्धं गेलं आणि तिथेच थांबलं.

“बारकूभाऊ, तुमी वाचलं होतं?”

बारकूने नजर रस्त्याकडे वळवली.

“वाचलं होतं.”

“मला?”

“तुमालाच. बाकीचे भाईर लिंबाखाली चहा पीत व्हते. मी उंबऱ्यात बसून वाचलं. पयला ठराव. मंग यादी. जीवनचं मोबाईलचं दुकान. चैतालीचं झेरॉक्स. मंग तीन नंबर…” तो थांबला. “तीन नंबरला भाऊंचं नाव. यादी त्यांच्या हयातीतली ना. तिथं तुमी म्हनल्या, बास. म्हनलं वहिनी, अजून चार नावं हायेत, आपली शेड जाती यात, कळतंय ना? तुमी म्हनल्या, बास म्हणते ना, आणा इकडं. आन सही केली.”

मग ते आलं. कुठे पडलं होतं आठ महिने, कोण जाणे. उंबऱ्यात बसलेला बारकू, त्याने मुद्दाम बारीक केलेला आवाज, आणि “तीन. सहादू कचरू पगारे, बारदान शिलाई.” जणू माणूस फाट्यावर बसलाय आणि शिवतोय. सहा दिवस घरात कोणी ते नाव घेतलं नव्हतं. सगळे ‘ते’ म्हणत, ‘भाऊ’ म्हणत, ‘गेलेला माणूस’ म्हणत. आणि या कागदाला तो गेलेला ठाऊकच नव्हता. ते नाव परत कानावर पडू नये, एवढ्यासाठी त्यांनी सही केली होती. सही केली की वाचणं थांबतं, एवढंच त्या क्षणी त्यांना कळलं होतं. नवऱ्याने शिकवलेल्या सहीने नवऱ्याचं नाव थांबवलं, आणि त्याची शेड त्याच सहीने घालवली.

“जा तुमी,” त्या बारकूला म्हणाल्या. दाभण ओढून घेतलं आणि अंधार पडेपर्यंत शिवत राहिल्या.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, शाळेची पोरं गोळ्या घेऊन घरी गेली, आणि शाळेच्याच पटांगणात ग्रामसभा बसली. विस्तार अधिकारी खुर्चीवर होते. फाट्यावरचे सगळे पुढे बसले. विषय निघाला, तशा चांगुणाबाई उभ्या राहिल्या.

“ही सही तुमचीच का?” विस्तार अधिकाऱ्यांनी विचारलं.

“माझीच.”

“तुमची तक्रार अशी आहे की ठराव वाचून न दाखवता सही घेतली. बरोबर?”

भाऊसाहेबाने खिशातला रुमाल काढला. बारकू पाण्याच्या पिंपापाशी उभा होता. खाली मान घालून, कामावरून काढलेल्या माणसासारखा आधीच.

हो म्हणायचं होतं. दोन अक्षरंही नव्हती ती, एकच होतं. पण हो म्हटलं, की त्या दिवशी उंबऱ्यात कोणी सहादूचं नाव घेतलंच नव्हतं, असं होत होतं. आणि ते नाव त्यांना कालच सापडलं होतं.

“नाय,” त्या म्हणाल्या. “बारकूभाऊंनी वाचलं होतं. मीच पुरं ऐकलं नाय.”

गलका उठला. गोरक्ष ताडकन उभा राहिला. “काकू! एका शिपायापायी सात घरं बुडवता?” लताबाईने नुसतं तोंड फिरवलं, आणि ते गोरक्षच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी लागलं. सरपंच सुनीलचा चेहरा खुलला. “बघा, प्रामाणिक सदस्य,” तो शेजारच्याला म्हणाला.

विस्तार अधिकाऱ्यांनी टोपण लावून पेन खिशात ठेवलं. अर्धवट ऐकून सही केली तरी सही ती सहीच, ठराव कायम. शेडी पुढच्या मंगळवारी पडल्या. जेसीबीला सातांसाठी दीड तास लागला. लताबाईने पुन्हा चहा आणून ठेवला नाही, आणि चांगुणाबाईंनी तिला त्याबद्दल कधी विचारलंही नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी ग्रामसभेत चांगुणाबाई अजून खाली बसल्या नव्हत्या.

“साहेब, एक मागणी हाय.”

“आता काय?”

“ठराव माझ्या नावाचा हाय. मी त्यातली तीनच नावं ऐकली. उरलेली मला ऐकू द्या. कोणाकोणाला उठवलं, ते मला कळू द्या.”

“त्याने आता काय फरक पडणार आहे, बाई?”

“काय नाय पडणार. वाचा, बारकूभाऊ.”

विस्तार अधिकाऱ्यांनी भाऊसाहेबाकडे पाहिलं. भाऊसाहेबाने खांदे उडवले आणि रजिस्टर पुढे केलं. बारकू आला. त्याने पान काढलं. पटांगणाच्या फाटकापर्यंत गेलेला गोरक्ष तिथेच थांबला.

“एक. जीवन, मोबाईल दुरुस्ती. दोन. चैताली, झेरॉक्स.” बारकूचा आवाज नेहमीसारखा मोठा होता. मग तो बारीक झाला. “तीन. सहादू कचरू पगारे, बारदान शिलाई.”

आणि तो थांबला. डिसेंबरात थांबला होता, तसाच.

चांगुणाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. एवढ्या माणसांत, भर उन्हात, काही आवाज न करता ते गालावरून हनुवटीपर्यंत आलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही. मागे एक बाई हुंदके देऊ लागली. खुद्द चांगुणाबाईंचा आवाज मात्र सरळ होता.

“थांबू नका,” त्या म्हणाल्या. “पुढं वाचा.”

“चार. लताबाई, चहा. पाच. सगुणाबाई, भाजीपाला. सहा. संघर्ष, बॅटरी दुरुस्ती. सात. गोरक्ष, पंक्चर.”

प्रत्येक नावाला त्या माणसाकडे बघत त्या उभ्या राहिल्या. लताबाईने नजर दिली नाही. सगुणाबाईने दिली. सातवं नाव झाल्यावर त्यांनी फाटकाशी उभ्या असलेल्या गोरक्षकडे पाहिलं, आणि मगच खाली बसल्या.